दुपारनंतरचा चेहरा

सकाळी कितीही घोटून दाढी केली तरी दुपारी तीनच्या सुमाराला ती हनुवटीवर परत हजर होते. दाढीचा केस दिवसाला साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर वाढतो. ऐकायला काहीच नाही हे. पण केस काळा आणि राठ असला की तो कातडीखाली असतानाच बाहेर दिसतो, निळसर हिरवी झाक धरून. नुसत्या पावडरीला ती झाक दबत नाही. आधी नारिंगी रंग लागतो. नारिंगी लिपस्टिक बोटावर घ्यायची, ओठांभोवती आणि हनुवटीवर पातळ चोपडायची, जरा सुकू द्यायची आणि मग वर फाउंडेशन. हे मला एका मेकअपवाल्या मामांनी शिकवलं. शहापूर-वडगावच्या हौशी नाटकांच्या रंगपटात त्यांचं आयुष्य गेलं. त्यांनी का, कशाला, काही विचारलं नाही. नारिंगीवर निळं मरतं, एवढंच सांगितलं आणि डबी हातात दिली.

मी ट्रान्स बाई आहे, म्हणजे जन्मावेळी मुलगा म्हणून नोंदलेली. बेळगावात उद्यमबागेतल्या एका फौंड्रीच्या ऑफिसात बिलं करते. उन्हाळ्यात पत्र्याखाली घाम येतो, थर फुटतो आणि तीननंतर मी डाव्या हाताची मूठ हनुवटीखाली धरून उजव्या हाताने की-बोर्ड चालवते. हे कुणाच्या लक्षात येत असेल असं वाटत नाही. लोकांना वाटतं, आमच्यासारख्या बायका चेहऱ्यावरचे केस कायमचे काढायला जातात त्या नटण्यासाठी. नटणं वाईट नाही, मला आवडतंही. पण मला मुळात दुपारी तीननंतरही दोन्ही हातांनी काम करता यायला हवं आहे.

निपाणी, चिकोडी, खानापूर, अथणी अशा ठिकाणांहून आमच्या पोरी फोन करतात. बहुतेकींचा पहिला प्रश्न एकच: अक्का, हॉर्मोनच्या गोळ्यांनी दाढी जाते काय? नाही जात. वयात येताना टेस्टोस्टेरॉन गालावरच्या मऊ लवेचा एकदा राठ केस करून ठेवतं, मग नंतर ते टेस्टोस्टेरॉन दाबलं तरी केस परत लव होत नाही. इस्ट्रोजेन सुरू झाल्यावर कातडी मऊ पडते, अंगावरचे केस विरळ होतात, दाढीची वाढ थोडी मंदावते. नवे केस राठ व्हायचे थांबतात, त्यामुळे पुढच्या उपचारालाही मदत होते. पण दाढी गोळीने गेली असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही. गोळ्या डॉक्टरांकडूनच घ्या, हेही मी प्रत्येकीला सांगते. दाढी जावी म्हणून मनानेच गोळ्या वाढवणाऱ्या पोरी मी पाहिल्या आहेत. त्यांची दाढी तशीच राहिली आणि रक्ताच्या गाठीचा धोका तेवढा वाढला.

सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला गेलं की आमच्या आधीच्या पिढ्या भेटतात. बेळगाव जिल्ह्यातला हा डोंगर मराठी आणि कन्नड दोन्हीकडच्या जोगतीणींचा, आणि जोगप्पांचा, म्हणजे मुलगा म्हणून जन्मून यल्लम्माला वाहिलेल्या आणि बाई म्हणून राहणाऱ्यांचा. तिथे एका थोरल्या जोगप्पाजवळ मी बराच वेळ बसले होते. कपाळ भंडाऱ्याने पिवळं, शेजारी परडी, मांडीवर कुंकवाचा करंडा आणि त्याच्या झाकणाच्या आत बसवलेला छोटा आरसा. बोलता बोलता डाव्या हाताची बोटं जबड्यावरून फिरत होती. खुंट लागला की बोट थांबायचं, उजव्या हातातला चिमटा तिथे यायचा, एक हिसका. चेहऱ्यावर काही उमटायचं नाही. बोलणं सुरूच. हे रोजचं काम, सकाळ-संध्याकाळ, चाळीसेक वर्षांचं. हनुवटी आणि गळा काळ्या ठिपक्यांनी भरलेला, मध्ये मध्ये आत वळलेल्या केसांच्या गाठी. मी हळूच विचारलं, वस्तरा का नाही? उत्तर लगेच आलं: "वस्तरा गड्याचा, पोरी. आईच्या लेकरानं वस्तरा लावायचा नाही."

आमच्यात हे पुष्कळ ठिकाणी चालतं. चिमटा बाईचा, वस्तरा बाप्याचा. शिवाय वस्तऱ्याने केस जाड होतात ही समजूतही आहे. ती खरी नाही. वस्तरा केसाचं निमुळतं टोक कापतो आणि राहिलेला बुंधा बोथट लागतो, इतकंच. पण मला समजुतीबद्दल वाद घालायचा नव्हता. ज्या बाईने डोंगर, जत्रा, शिव्या, पोलिसांच्या काठ्या हे सगळं सोसून एक गोष्ट धरून ठेवली की माझ्या चेहऱ्याला गड्याचं हत्यार लागणार नाही, तिच्यापुढे मी काय बोलणार? मला तिचा मोठा आदर वाटतो. जोगती नृत्याच्या कलाकार, आमच्यातल्याच मंजम्मा जोगतींना पद्मश्री मिळाली आणि २०२१ साली राष्ट्रपती भवनात त्यांनी पदराने राष्ट्रपतींची दृष्ट काढली, तेव्हा आमच्या घरी टीव्हीसमोर मला आठवला तो या थोरल्या बाईचा चेहरा.

आणि इथेच लेझरचा पेच सुरू होतो. लेझरला केसाचं मूळ जागेवर हवं असतं. केसातला काळा रंग, मेलॅनिन, उजेड शोषून घेतो, तापतो आणि ती उष्णता मुळाशी जाऊन वाढीची जागा जाळते. अँडरसन आणि पॅरिश या दोघांनी १९८३ साली हे तत्त्व मांडलं: प्रकाशाची लहर आणि तिचा वेळ नीट निवडला तर बाजूच्या कातडीला फारसं न दुखावता नेमकं लक्ष्य तापवता येतं. पण चिमट्याने केस उपटलेला असेल तर त्या छिद्रात तापायला काहीच उरत नाही. उजेड येतो आणि जातो. म्हणून डॉक्टर सांगतात, लेझरच्या आधी महिना-दीड महिना चिमटा बंद, दोरा बंद, वॅक्स बंद. चालेल फक्त वस्तरा. ज्या हत्याराला आयुष्यभर हात लावला नाही ते रोज सकाळी गालावर फिरवायचं, ही या उपचाराची पहिली अट. ती सांगताना कुठल्याही दवाखान्यात कुणाचा आवाज बदललेला मी ऐकला नाही. त्यांच्या कागदावर ती फक्त एक सूचना आहे.

लेझर एकदा मारून भागत नाही, कारण सगळे केस एकाच वेळी वाढीत नसतात. काही वाढत असतात, काही थांबलेले, काही गळायच्या बेतात. वाढीत असलेला केसच मुळाशी घट्ट जोडलेला असतो आणि तोच जळतो. म्हणून चार-सहा आठवड्यांच्या अंतराने परत परत जावं लागतं. ते अंतर पैसे देऊन कमी होत नाही. तीन बैठकांत दाढी कायमची साफ, अशा पाट्या मला रस्त्यावर दिसतात तेव्हा वाईट वाटतं, कारण त्यांच्यावर विश्वास ठेवणारी पोरगी बहुतेक वेळा भिशीचे पैसे घेऊन आलेली असते. अमेरिकेतलं एफडीए, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय यंत्रं तपासणारं सरकारी खातं, लेझरला केस कायमचे कमी होतात एवढाच दावा करू देतं. कायमचे काढले जातात हा दावा फक्त सुईच्या उपचाराला, इलेक्ट्रोलिसिसला करता येतो.

आपल्या सावळ्या कातडीचा प्रश्न याहून महत्त्वाचा. मेलॅनिन जसं केसात असतं तसं कातडीतही असतं. ७५५ नॅनोमीटरचा अलेक्झांड्राइट लेझर गोऱ्या कातडीवर छान चालतो. सावळ्या कातडीवर तोच चटका देऊ शकतो. आपल्यासाठी १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग जास्त सुरक्षित, कारण ती लहर वरच्या थरातल्या रंगात कमी अडकते आणि खोल जाते. नीट थंडावा देणारा, बेताने चालवलेला डायोडही चालतो. निपाणीकडची माझी एक मैत्रीण एका पार्लरमध्ये गेली होती. यंत्र कुठलं, लहर कुठली, तिने विचारलं नाही आणि तिला कुणी सांगितलंही नाही. दोन्ही गालांवर चौकोनी डाग उठले, यंत्राच्या तोंडाच्या आकाराचे. ते पुसट व्हायला वर्षाच्या वर काळ गेला आणि तेवढे दिवस ती तंबाखूच्या वखारीत पदर तोंडावर घेऊन बसली. म्हणून मी सगळ्यांना सांगते की आधी यंत्राचं नाव विचारा, आधी कानाजवळ छोट्या जागेवर चाचणी घ्या, थोडे दिवस थांबून कातडी बघा, आणि डोळ्यांवर चष्मा चढवल्याशिवाय कुणाला बटण दाबू देऊ नका. जो डॉक्टर या प्रश्नांना चिडतो त्याच्याकडून उठून या.

माझं स्वतःचं लेझर बऱ्यापैकी झालं. गालांवरची दाढी पुष्कळ विरळ झाली. वासाची सवय मात्र कधी झाली नाही, केस जळल्याचा तो वास घरी येईपर्यंत नाकात राहायचा. पहिल्या वेळची पावती मी अजून ठेवली आहे. दिवसभर बिलंच करत असल्यामुळे माझी नजर आधी खालच्या ओळींवर जाते. तिथे १८ टक्के जीएसटी होता. डॉक्टरकडच्या उपचाराला जीएसटी माफ असतो. सौंदर्याच्या कामाला नसतो. म्हणजे त्या दवाखान्याच्या हिशेबाने मी रुग्ण नव्हते, गिऱ्हाईक होते. आमच्या ऑफिसातून ओतकामाच्या मालाला जसा कर लागतो तसा माझ्या दाढीलाही लागला होता.

आणि संसदेने २०१९ साली केलेल्या ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात, आरोग्याच्या कलमात, कलम १५ मध्ये, विम्यातून ज्यांचा खर्च मिळावा त्या उपचारांमध्ये शस्त्रक्रिया आणि हॉर्मोनच्या जोडीला लेझर थेरपीचं नाव स्पष्ट लिहिलं आहे. ट्रान्स आरोग्याची जगभर मानली जाणारी उपचारपद्धती, डब्ल्यूपॅथ या तज्ज्ञांच्या जागतिक संघटनेची, तिच्या २०२२ च्या आठव्या आवृत्तीतही केस काढणं हे वैद्यकीय गरजेच्या उपचारांत धरलं आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये आयुष्मान भारतखाली ट्रान्स व्यक्तींना वर्षाला ५ लाखांपर्यंतचं विमाकवच देण्याचा करार केंद्र सरकारने केला. कायद्याच्या पुस्तकात हा उपचार आहे आणि पावतीवर चैन. मधला खर्च आमच्या पगारातून जातो. मला यात कुणाचं भलं होतं तेच कळत नाही.

डोंगरावरच्या त्या थोरल्या बाईचं लेझरने काहीच होणार नाही, हे मला तिच्याजवळ बसलेली असतानाच कळलं होतं. तिची अर्धी दाढी पांढरी झाली आहे. पांढऱ्या केसात मेलॅनिन नाही, तर लेझरला पकडायला काही नाही. तिच्यासाठी फक्त सुई.

सुईची गोष्ट मला फार आवडते, कारण ती दवाखान्यात सुरू होते. १८७५ साली अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये चार्ल्स मिशेल नावाचे डोळ्यांचे डॉक्टर होते. पापणीचे केस आत वळून बुबुळाला घासणारे रुग्ण त्यांच्याकडे यायचे. उपटलेला केस परत यायचा, परत घासायचा. त्यांनी बारीक सुई केसाच्या मुळाशी घालून बॅटरीचा प्रवाह सोडला, आणि केस परत आला नाही. कातडीतलं पाणी आणि मीठ यांच्यावर त्या प्रवाहाची क्रिया होऊन सुईच्या टोकाशी सोडियम हायड्रॉक्साइड तयार होतं, दाहक सोडा, आणि तोच मूळ मारतो. पुढे उच्च वारंवारतेच्या प्रवाहाने मूळ तापवण्याची पद्धत आली, मग दोन्हींचं मिश्रण. पण प्रकार तोच राहिला: एका वेळी एक केस. केस काळा असो, पांढरा असो, तांबूस असो, कातडी कुठल्याही रंगाची असो. पूर्ण दाढीला शंभर ते तीनशे तास लागू शकतात, आणि ते वर्ष-दोन वर्षांत विखुरलेले.

माझ्या वरच्या ओठासाठी आणि हनुवटीसाठी मी पुण्याला जाते. रात्रीच्या बसने. पलंगावर आडवं व्हायचं, एका हातात धातूची दांडी धरायची, प्रवाह पुरा व्हायला. वर भिंगाचा दिवा. त्या बाई केसाच्या बाजूने सुई आत सरकवतात. नीट गेली तर ती जाताना कळतही नाही. पाय पेडलवर. मग एक खोल, गरम टोचणी, मनात आकडे मोजण्याइतका वेळ. नंतर त्या चिमट्याने केस उचलतात, आणि तो नुसता निघून यायला हवा, लोण्यातून आल्यासारखा. ओढ लागली तर मूळ मेलेलं नाही, परत सुई. आई वडगावात मागावर बसायची तेव्हा तुटलेला धागा नजरेच्या आधी बोटाने शोधायची, अगदी तसं त्या बाईंचं बोट खुंट शोधतं. काढलेला केस त्या पांढऱ्या कापसावर ठेवतात. बुंध्याला काळी गाठ आणि तिच्याभोवती ओलसर, काचेसारखं आवरण. मी तो दर वेळी बघते. माझ्या अंगातून निघालेला, आणि आता कधी न येणारा. वरच्या ओठावर नाकाजवळ सुई गेली की डोळ्यांतून आपोआप पाणी वाहतं. मी रडत नसते, तरी त्या बाई थांबून टिशू देतात.

दुखण्याचं मी सहन करते. पण सुईची अट लेझरच्या उलट आहे, आणि तीच मला जास्त छळते. चिमट्यात धरता यावा म्हणून केस बाहेर दिसायला हवा. म्हणजे दोन-तीन दिवस दाढी करायची नाही. लेझरला जाणाऱ्या जोगप्पाला वस्तरा हातात घ्यावा लागतो, आणि सुईला जाणाऱ्या मला दाढी वाढवावी लागते. या चेहऱ्यातून सुटायचा प्रत्येक रस्ता आधी याच चेहऱ्यातून जातो. घरात बसून राहता येत नाही, ऑफिसला जावंच लागतं. सिटी बसमध्ये ११ जून २०२३ पासून बायकांना तिकीट नाही, आणि कर्नाटक सरकारच्या या शक्ती योजनेत आम्हीही येतो. आधारवर माझं नाव आणि लिंग बदललेलं आहे. एरवी कंडक्टर बघतही नाहीत. पण त्या दिवसांत मास्क लावून पुढच्या बाजूला बायकांच्या सीटवर बसले की "आधार तोरसी" म्हणून हात पुढे येतो. तो कार्ड बघतो, मला बघतो, परत कार्ड बघतो, आणि मास्क खाली घे म्हणतो. मास्कखाली दोन दिवसांची दाढी असते.

एकदा असं झालं तेव्हा शेजारच्या सीटवर अनगोळची भाजीवाली बसली होती, पाटी पायाशी घेऊन. ती कंडक्टरला कन्नडमध्ये काहीतरी फाडकन बोलली आणि मला मराठीत म्हणाली, "घे गं तिकीट. तेला काय, तेच्या आईला इचार म्हणावं." त्याने शून्य रुपयाचं तिकीट फाडून दिलं. ती उतरेपर्यंत माझ्याशी दोडक्याच्या भावावर बोलली. माझ्या तोंडाकडे बघून बोलली.

आईला हे सगळं पचायला वेळ लागला. पुण्याला जायच्या आधीचे दिवस आले की ती आता शेजारणींना घरात फारशी बसू देत नाही, दारातच बोलून वाटेला लावते. मला वाटायचं तिला लाज वाटते. मागे एकदा तिने बर्फाची वाटी आणि कोरफडीचा गर आधीच करून ठेवलेला पाहिला, मी परत यायच्या आत. तेव्हा कळलं की ती माझ्यासाठी दार राखते.

बेळगावातल्या जिल्हा रुग्णालयात एक एनडी-याग यंत्र, एक सुईचं यंत्र आणि ते चालवायला शिकवलेली दोन माणसं असावीत, असं मी लेखी मागितलं आहे. शिकवायला आमच्यातल्याच दोन पोरी घ्या असंही लिहिलं आहे. हे कौशल्य आहे, त्यात पोट भरतं, आणि कर्नाटकात २०२१ पासून सरकारी नोकऱ्यांत आम्हाला एक टक्का आरक्षण आहे. उपचाराच्या दिवसांसाठी एक चिठ्ठीही मिळावी, ऑफिसला दाखवायला, की ही व्यक्ती उपचारावर आहे आणि तिला चार दिवस मास्क लावून किंवा घरून काम करू द्यावं. हाड मोडलेल्याला अशी चिठ्ठी मिळते.

गेल्या आठवड्यात चिकोडीहून एका पोरीचा फोन आला. वय लहान, कॉलेजात आहे. गोळ्यांचा प्रश्न झाला, पैशांचा झाला, मग बराच वेळ ती गप्प राहिली.

"दुखतंय काय अक्का?"

"दुखतं. गालाला कमी, ओठावर जास्त. सुन्न करायचं मलम मिळतं, डॉक्टरांना विचारून तासभर आधी लावायचं, सगळ्या तोंडाला थापायचं नाही."

"आणि आधी दाढी ठेवाय लागते म्हणे."

"सुईला लागते. लेझरला नाही. तुझे केस काळे आहेत, आधी लेझर कर, राहील ते सुईने. आजपासून चिमटा बंद कर मात्र."

"वस्तरा लावू काय मग?"

"लाव."

ती परत गप्प झाली. मी म्हटलं, पहिल्या वेळी मी येईन तुझ्याबरोबर, यंत्राचं नाव मी विचारते. तिने कुठला वार ते विचारलं. रविवार सोडून कुठलाही, मी म्हटलं, मी रजा टाकते.